निर्णय दोघांचा, ठरवते घर

दवाखान्याच्या बाकावर कोण कोणाबरोबर येऊन बसते, यावरून घराची बरीच हकिकत कळते. लग्नाला सहा महिने झालेले जोडपे असेल तर नवऱ्याला साधी सर्दी झाली तरी दोघे मिळून येतात. पहिल्या खेपेचे दिवस गेले की सोबत सासूबाई येतात आणि नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून राहतो. बाळंतपणानंतर बाई येते ती मुलाच्या तापासाठी, स्वतःची तक्रार ती निघता निघता दारात उभी राहून सांगते. "डॉक्टरसाहेब, माझं पण जरा अंगावर जातंय, एखादी गोळी लिहा की." नवरा यानंतर आत येतो तो थेट पंचेचाळिशीत, रक्तदाब वाढल्यावर! तालुक्याच्या गावी दवाखाना टाकून मला पंचवीस-सव्वीस वर्षे झाली. माणसे बदलली, बाकावरचा हा क्रम फारसा बदललेला नाही.

मधल्या पंधरा-वीस वर्षांत या दोघांच्या आयुष्यातले मोठे निर्णय होऊन गेलेले असतात. पहिले मूल कधी, दुसरे कधी, तिसरे हवे का, पाळणा कशाने लांबवायचा, ऑपरेशन कोणी करून घ्यायचे. या निर्णयांचा परिणाम दोघांच्या शरीरावर, त्यातही बाईच्या शरीरावर, जन्मभर राहतो. पण ते ठरतात बारशाच्या पंगतीत, माजघरात, नणंदेच्या फोनवर आणि शेजारच्या काकूंच्या अनुभवावरून. ज्या दोघांचा हा विषय, त्यांचे आपसात बोलणे झालेले असते का, असे मी विचारतो तेव्हा उत्तर बहुधा हसण्यावारी नेले जाते. आजचा लेख या न झालेल्या बोलण्याविषयी आहे.

सुरुवात पहिल्या बाळंतपणापासून करू. आपल्याकडे सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी माहेरी जाते आणि मूल तीन-चार महिन्यांचे झाले की सासरी परत येते. ही पद्धत वाईट आहे असे मी म्हणणार नाही. आईच्या हातचे खाणे, मालीश, शेक आणि विशेष म्हणजे झोप, या गोष्टी बाळंतिणीला माहेरी मिळतात, सासरी मिळतीलच असे नाही. पण या पाच-सात महिन्यांत नवरा हा रविवारी येणारा पाहुणा होतो. पोहे-चहा होतो, बाळाला पाच मिनिटे हातात दिले जाते, ते रडले की कोणीतरी लगेच काढून घेते. लंगोट बदलणे, रात्री दोन वाजता बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, हे त्याच्या वाट्याला येतच नाही. मग बायको घरी परतते तेव्हा तिला सगळे येत असते आणि याला काहीच येत नसते. तो बाजूला होतो, आणि घरचेही म्हणतात, "त्याला काय कळतंय त्यातलं, त्याला झोपू द्या, सकाळी कामावर जायचंय."

तेव्हा माहेरी पाठवाच, पण जावयाने आठवड्यातून दोन रात्री तरी तिथे मुक्काम करावा आणि सासूबाईंनी त्याच्या हातात बाळ द्यावे. बाळ पडत नाही. मान सावरून कसे धरायचे हे शिकायला दहा मिनिटे लागतात.

घरी परतल्यावर झोपण्याची व्यवस्था बदललेली असते. बाळ-बाळंतीण सासूबाईंबरोबर आतल्या खोलीत, नवरा बाहेरच्या खोलीत. महिना-दोन महिन्यांची सोय म्हणून हे सुरू होते आणि कित्येक घरी मूल शाळेत जाऊ लागले तरी तसेच चालू राहते. त्यातच बाळंतपणानंतरच्या शरीराविषयी दोघांनाही कोणी काही सांगितलेले नसते. जखम भरून येणे, रक्तस्राव थांबणे, पिशवी मूळ आकारावर येणे याला साधारण सहा आठवडे लागतात. त्यानंतर एक तपासणी करून घेऊन शरीरसंबंध सुरू करण्यास हरकत नसते. पण अंगावर पाजणाऱ्या बाईच्या शरीरात एका संप्रेरकाचे प्रमाण कमी असते, त्यामुळे योनिमार्ग कोरडा राहतो आणि संबंधांच्या वेळी दुखते. शिवाय नवजात बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध पिते. एवढ्या वेळा उठणाऱ्या बाईला रात्री फक्त झोप हवी असते. ती दूर सरकली की नवऱ्याला वाटते, हिचे मन आता माझ्यात राहिले नाही. तो गप्प झाला की तिला वाटते, याला मूल हवे होते, मी नको होते. दोन्ही समज चुकीचे, आणि दोन्ही न बोलल्यामुळे वाढणारे. उपाय अगदी साधे आहेत. थोडा धीर धरावा, दुपारी तिला तास-दोन तास झोप मिळेल असे पाहावे आणि कोरडेपणासाठी औषधांच्या दुकानात मिळणारी पाण्यात विरघळणारी जेली वापरावी. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन अजिबात लावू नका, तेलाने त्याचे रबर कमकुवत होऊन ते फाटते.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाईला उगीच रडू येते, चिडचिड होते. ते आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते. पण दोन आठवडे उलटूनही ती उदास असेल, बाळाकडे पाहवत नाही म्हणत असेल, बाळ झोपले तरी तिला झोप येत नसेल, तर तो आजार आहे. नजर लागलेली नाही, नाटकही नाही. औषधाने तो बरा होतो. डॉक्टरांकडे जायला संकोच वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावे असे विचार मनात येत असतील तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता त्या गैरसमजाकडे येऊ, ज्याने आमच्या तालुक्यात अनेक पाळणे वेळेआधी हलवले आहेत. "मूल अंगावर पितंय तोवर दिवस जात नाहीत." यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते घातक आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतील असेल, त्याला दिवसा आणि रात्रीही केवळ आईचे दूध मिळत असेल, वरचे दूध, पाणी, गुटी काहीच नसेल, आणि बाईला पाळी आलेली नसेल, तर या तिन्ही अटी पुऱ्या होत असताना शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना दिवस जात नाहीत. यातली एक अट मोडली की भरवसा संपला. आणि पाळी येईल तेव्हा बघू, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की स्त्रीबीज आधी सुटते आणि पाळी त्यानंतर येते. म्हणजे बाळंतपणानंतर एकदाही पाळी न येता पुन्हा दिवस जाऊ शकतात. मांडीवर आठ महिन्यांचे मूल आणि पोटात तीन महिन्यांचे, अशी बाई महिन्यातून एखादी तरी माझ्यासमोर येते. तिचे रक्त आधीच कमी असते. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही दिसले. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे की, एक मूल झाल्यावर पुढच्या खेपेसाठी निदान दोन वर्षे थांबावे. आईच्या अंगातले लोह भरून निघायला आणि पहिल्या मुलाला पुरेसे दूध मिळायला तेवढा काळ लागतोच.

दिवस राहिल्यावर मग काय होते? नवरा रात्री मित्राला फोन करतो, मित्र मेडिकलच्या दुकानातून गोळ्या आणून देतो. हा प्रकार फार वाढला आहे. या गोळ्यांनी गर्भपात होतो हे खरे, आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठराविक आठवड्यांच्या आत त्या सुरक्षितही आहेत. पण गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर गोळ्यांचा उपयोग होत नाही, आणि नळी फुटली तर बाई तासा-दोन तासांत जिवावर बेतते. गर्भ अर्धवट पडून राहिला तर रक्तस्राव चालूच राहतो. या सगळ्या चोरटेपणाची गरजच नाही. गर्भपात आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने मान्य आहे. साधन निकामी ठरून राहिलेला गर्भ वीस आठवड्यांपर्यंत काढून घेता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी बाई विवाहित असण्याची अट राहिलेली नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, सासरच्यांची किंवा नवऱ्याची सही कायदा मागत नाही.

पाळणा लांबवण्याची साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, सिझेरियनच्या वेळीही बसवता येते, नाहीतर मग सहा आठवड्यांनी. ती छातीत चढत नाही, तिच्यामुळे कॅन्सर होत नाही. पहिले काही महिने पाळी जास्त जाते आणि पोटात दुखते, हे मात्र खरे आहे. ज्यांचे रक्त मुळातच कमी आहे त्यांनी ते तपासून मगच निर्णय घ्यावा. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन आहे. 'छाया' ही संप्रेरक नसलेली गोळी आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची. मूळ औषध लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत शोधलेले, आपल्या देशाचेच. अंगावर पाजणाऱ्या बाईला ती चालते. नेहमीच्या माला-एनसारख्या गोळ्या मात्र मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या बाईने घेऊ नयेत. ७२ तासांची गोळी अडचणीच्या वेळेसाठी आहे; दर महिन्याला तिच्यावर संसार चालवू नये.

कोणती पद्धत घ्यायची हे दोघांनी मिळून ठरवावे असे मी सांगतो तेव्हा बाई म्हणते, "मालकाला विचारावं लागंल." मालक म्हणतात, "तिचं तिला ठरवू द्या, ते बायकांचं काम." आणि घरी गेल्यावर आत्याबाई म्हणतात, "आमच्या वेळी नव्हतं असलं काही." तीन माणसे, पण निर्णय कोणाचाच नाही. त्या रात्रीही साधनाशिवायच जाते.

दुसऱ्या मुलाच्या वेळी घराचा आवाज आणखी मोठा होतो, पहिली मुलगी असेल तर फारच. शाळेत शिकलेली मुलेसुद्धा हे विसरतात म्हणून पुन्हा सांगतो. बाईच्या बीजात फक्त 'एक्स' असतो. पुरुषाच्या बीजांपैकी साधारण निम्म्यांत 'एक्स' आणि निम्म्यांत 'वाय' असतो. मुलगा होणार की मुलगी, हे बापाच्या बीजावरून ठरते, त्यात बापाचाही काही दोष नाही. दोन मुलींनंतर तिसऱ्या वेळी मुलगा होण्याची शक्यता पहिल्या वेळेइतकीच, जवळपास निम्मी असते. आधीच्या दोनांची भरपाई निसर्ग करत नाही. सोनोग्राफीत लिंग पाहणे महाराष्ट्रात १९८८ साली, देशात सर्वांत आधी, कायद्याने बंद झाले. मग १९९४ साली देशाचा कायदा आला. तरीही २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली नऊशेच्या खाली निघाल्या. या कायद्यातले एक कलम लोकांना ठाऊक नसते. तपासणी झाली तर बाईवर नवऱ्याने आणि नातेवाइकांनी सक्ती केली, असे कायदा आधी धरून चालतो. तसे नाही हे त्यांनी सिद्ध करायचे.

काही वर्षांपूर्वीची एक हकिकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. तीस वर्षांची बाई, दोन मुली, दोन्ही सिझेरियन. घरात तिसऱ्याचा आग्रह. दोन सिझेरियननंतर तिसरे करायचे तर जुन्या व्रणात वार रुतून बसण्याचा धोका वाढतो, तसे झाले तर रक्तस्राव आवरत नाही आणि कधी पिशवी काढावी लागते. हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "मला नकोच हो, पण त्यांना मुलगा हवाय." पंधरा दिवसांनी नवरा पाठदुखीसाठी आला. सहज विषय काढला तर म्हणाला, "मला दोन पोरी पुरेत. पण आई ऐकत नाही आणि हिलाही आतून मुलगा हवाच असणार." मी कोणाचे काही कोणाला सांगितले नाही. फक्त म्हणालो, पुढच्या सोमवारी दोघे मिळून या, आईंना घरी ठेवा. सोमवारी दोघे आले. मी एकच प्रश्न विचारला, "तुम्हा दोघांपैकी आणखी मूल कोणाला हवे आहे?" दोघेही बराच वेळ माझ्या टेबलावरच्या स्टेथोस्कोपकडे पाहत बसले. मग ती म्हणाली, "मला नाही." तो तिच्याकडे वळून म्हणाला, "अगं, मग बोलली का नाहीस?" आठ वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनी एकमेकांना विचारलेला नव्हता. पुढे त्यानेच जिल्हा रुग्णालयात नसबंदी करून घेतली. आईंना कळले तेव्हा त्या दोन महिने त्याच्याशी बोलल्या नाहीत. नातींच्या वेण्या घालणे मात्र त्यांनी एक दिवसही थांबवले नव्हते.

त्याने केले ते आपल्याकडे किती दुर्मीळ आहे पाहा. वर उल्लेख केलेल्या पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत बाईचे ऑपरेशन झालेले होते. पुरुषाची नसबंदी झालेली जोडपी शंभरात एकही भरत नाहीत. पूर्वी असे नव्हते. साठ-सत्तरच्या दशकांत पुरुषांच्या नसबंदीची मोठमोठी शिबिरे होत. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात साठ लाखांवर पुरुषांची नसबंदी झाली, त्यात सक्ती किती झाली ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. त्याचा धसका असा बसला की त्यानंतर कुटुंबनियोजनाचे सारे ओझे बायकांवर गेले ते कायमचेच. मी प्राथमिक आरोग्य केंद्रावर नोकरीला होतो तेव्हा कॅम्पच्या दिवशी वऱ्हांड्यात सतरंजीवर ओळीने बायका निजलेल्या असत, आणि त्यांचे नवरे समोरच्या झाडाखाली तंबाखू मळत असत. आजही चित्र फारसे निराळे नाही.

वैद्यकीयदृष्ट्या पाहिले तर हे उलटे आहे. बाईच्या नळ्या पोटात असतात. टाक्याचे असो वा बिनटाक्याचे, पोट उघडावेच लागते. पुरुषाची वीर्यनलिका त्वचेच्या अगदी खाली असते. जागेवर बधिर करून, बारीक छिद्रातून, दहा-पंधरा मिनिटांत काम होते. टाका घालावा लागत नाही, माणूस त्याच दिवशी आपल्या पायाने घरी जातो. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर सायकल आणि ओझी उचलणे बंद, एवढेच पथ्य. पुरुषत्व देणारे संप्रेरक अंडकोषातून रक्तात उतरते, ते या नलिकेतून जातच नाही, मग नलिका बांधल्याने ते कमी कसे होईल? दाढी तीच, आवाज तोच, इच्छा तीच. वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा फार थोडा असतो, त्यामुळे वीर्यही पूर्वीइतकेच दिसते. लक्षात ठेवायची एकच गोष्ट अशी की, ऑपरेशन झाल्याबरोबर संरक्षण मिळत नाही. पुढे तीन महिने निरोध वापरायचा आणि तीन महिन्यांनी वीर्य तपासून शुक्रजंतू नाहीत असा अहवाल घ्यायचा. हे न केल्याने दिवस राहतात, आणि मग नवरा बायकोवर संशय घेतो. असे घरटे मोडता मोडता राहिलेले मी पाहिले आहे. दोन्ही ऑपरेशने कायमची समजूनच करावीत. पुन्हा जोडता येतात, पण यशाची खात्री नसते.

गंमत अशी की, नवरा कधी तयार असला तरी बायकाच आडव्या येतात. "त्यांना कष्टाचं काम आहे, त्यांना नको, माझंच करा." आणि ती स्वतः? पहाटे पाच वाजता पाणी भरते, दिवसभर खुरपते, रात्री अकराला भांडी घासते. हिचे काम कष्टाचे नाही असे तिलाच वाटते, तिथे आम्ही डॉक्टर काय समजावणार!

ऊसतोडीच्या टोळ्यांत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल दोघांच्या नावावर असते आणि एकाचा खाडा झाला तर पैसे दोघांचे जातात. अशा संसारात पाळी म्हणजे खाडा, अंगावर जाणे म्हणजे खाडा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, त्यांत तरुण बायकाही होत्या. मुले झाली, आता पिशवीचे काय काम, असे घरात सहज बोलले जाते. पांढरे पाणी आणि कंबरदुखी यासाठी पिशवी काढायची नसते. पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर तिशीतल्या बाईची हाडे पन्नाशीच्या बाईसारखी ठिसूळ होऊ लागतात. असा सल्ला मिळाला तर नवऱ्याने स्वतः बरोबर जाऊन दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

ज्यांना मूल होत नाही त्यांच्याबद्दलही दोन शब्द. चार वर्षे बाईच्याच तपासण्या, बाईलाच इंजेक्शने आणि बाईलाच नवस. नवऱ्याची वीर्यतपासणी ही सर्वांत स्वस्त, सोपी आणि पहिली तपासणी आहे. दोन ते पाच दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा असतो. अनेक जोडप्यांत कारण पुरुषात सापडते. ही तपासणी झाल्याशिवाय बाईला दुर्बिणीच्या तपासणीसाठी नेऊ नका.

र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले, त्यापायी खटले अंगावर घेतले. त्याला शंभर वर्षे झाली, आणि आमच्याकडे अजून निरोधचे पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून मागितले जाते.

मुले मोठी झाल्यावरची एक नवी पद्धत मी गेल्या दहा-पंधरा वर्षांत पाहतो आहे. दहावी झाली की मुलाला डॉक्टर करायचे म्हणून आई त्याला घेऊन लातूरला खोली करून राहते, क्लाससाठी. वडील गावी, शेती किंवा दुकान सांभाळत. दोन वर्षे म्हणून गेलेली बाई, धाकट्याचाही नंबर लागला म्हणून चार-पाच वर्षे तिकडेच. मुलाच्या भल्यासाठी हे चालले आहे, त्यावर मी काय बोलावे? पण या जोडप्यांपैकी पुरुष माझ्याकडे येतात ते साखर वाढलेली घेऊन, कारण रात्रीचे जेवण वडापाव आणि फरसाणावर असते. बायका सुटीत येतात तेव्हा झोप न येण्याची, छातीत धडधडण्याची तक्रार सांगतात. दोघांचे फोनवरचे बोलणे मुलाच्या मार्कांपलीकडे जात नाही. ही खोली घ्यायची की नाही हे ठरवताना हिशेब फक्त भाड्याचा आणि क्लासच्या फीचा होतो. पंधरा दिवसांतून एकदा कोणी कोणाकडे जायचे, आणि गावी राहणाऱ्याचा स्वयंपाक कोण करणार, हेही त्याच दिवशी बोलून घ्यावे. शक्य असेल तर तिथे आजीला पाठवावे, किंवा मुलाला वसतिगृहात ठेवावे. सतरा वर्षांचा मुलगा आपला डबा आपण धुऊ शकतो.

याच वयात आणखी एक घोटाळा होतो. वय झाले, आता काही होत नाही, म्हणून चाळिशीनंतर साधन सोडले जाते. पाळी मागेपुढे होऊ लागलेली असते, त्यामुळे दिवस गेलेले चार महिने कळत नाहीत. मुलगी लग्नाची आणि आई गरोदर, अशा अवस्थेत बाई येते तेव्हा लाजेने तिला मान वर करवत नाही, आणि नवरा पुन्हा बाहेर मोटारसायकलवरच असतो. पाळी पन्नाशीनंतर थांबली तर पुढे एक वर्ष, आणि पन्नाशीच्या आत थांबली तर दोन वर्षे, साधन चालू ठेवावे. नसबंदी किंवा ऑपरेशन झालेल्यांना याची चिंता नाही. दहा वर्षांची तांबी चाळिशीत बसवून घेतली तर साधारणपणे पाळी जाईपर्यंत पुरते. मात्र पाळी गेल्यावर ती तशीच आत ठेवू नका, आठवणीने काढून घ्या. तांबी कोणत्या साली बसवली हे बऱ्याच जणींना आठवत नाही. ती तारीख नवऱ्याने घरच्या रेशनकार्डाच्या पिशवीत लिहून ठेवावी.